शांततेच्या काळातील मानसशास्त्रीय युद्ध: आखणारे अनेक, थांबवणारा कोण?

सांगलीत राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न असा आहे: ‘देश युद्धात नसताना सरकार लोकांच्या मनावर परिणाम घडवण्याचे नियोजन करते का? करत असेल तर ते कोणत्या मंडळाकडे असते, त्यावर देखरेख कोण ठेवते आणि भारतात असे मंडळ का नाही? उद्या मी प्रशासनात आलो आणि असे काम माझ्या टेबलावर आले, तर मी काय करावे?’ मी लष्करात सव्वीस वर्षे नोकरी केली. त्यातली काही वर्षे सीमेवरच्या एका मुख्यालयात नेमके हेच काम कागदावर आखण्यात गेली आणि पुढची काही ते तरुण अधिकाऱ्यांना शिकवण्यात गेली. आता साताऱ्यात स्थायिक आहे. उत्तर लांबेल, कारण या विषयात एका ओळीचे उत्तर बहुधा अर्धवट असते.

तुम्ही पाच प्रश्न विचारले असले तरी त्यांचा गाभा एकच आहे. मंडळ स्थापन करणे सोपे असते. एक आदेश, एक अध्यक्ष, चार खात्यांचे प्रतिनिधी आणि महिन्याची बैठक एवढ्यात ते उभे राहते. त्या बैठकीत बसलेल्यांपैकी कोणाला ‘हे करू नका’ असे म्हणण्याचा अधिकार आहे का, आणि तसे म्हटल्यावर ते काम खरोखर थांबते का, हा अवघड प्रश्न आहे. समन्वय म्हणजे चार खाती एकमेकांच्या पायात येऊ नयेत याची व्यवस्था. देखरेख म्हणजे ज्याला त्या कामातून काहीच मिळवायचे नाही अशा कोणीतरी सर्व कागद मागवून घेणे आणि गरज पडल्यास ते काम बंद पाडणे. सरकारांनी गेल्या पाऊणशे वर्षांत पहिली गोष्ट वारंवार केली आणि तिलाच दुसरीचे नाव दिले, असे माझे मत आहे.

आधी शब्दांबद्दल थोडे. मानसशास्त्रीय युद्ध म्हणजे समोरच्याच्या निर्णयावर परिणाम व्हावा म्हणून त्याच्या भीती, आशा, संशय आणि विश्वास यांवर केलेले हेतुपूर्वक काम. यात जाणकार तीन रंग सांगतात. पांढऱ्या प्रचारात बोलणारा आपले नाव उघड सांगतो, करड्या प्रचारात तो नाव सांगत नाही आणि काळ्या प्रचारात तो दुसऱ्याच्याच नावाने बोलतो. रंग जितका गडद, तितकी देखरेखीची गरज जास्त. प्रत्यक्षात मात्र रंग गडद होतो तशी कागद पाहणाऱ्यांची संख्या कमी होत जाते. या व्यवहारातला हा मूळ तिढा आहे.

ही विद्या जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या तेराव्या अधिकरणाची सुरुवातच ‘उपजाप’ या प्रकरणाने होते. शत्रूचा दुर्ग घेण्यापूर्वी राजाने स्वपक्षाला उत्साह द्यावा, शत्रुपक्षाला उद्विग्न करावे आणि त्यासाठी आपण सर्वज्ञ आहोत, देवतांचे आपल्याला साहाय्य आहे अशी प्रसिद्धी करावी, असे तिथे सांगितले आहे. आमच्या जिल्ह्यातला प्रतापगड घ्या. नोव्हेंबर १६५९ मध्ये अफजलखान जावळीच्या खोऱ्यात उतरला तो महाराज भयभीत झाले आहेत या समजुतीवर, आणि ती समजूत पंताजी गोपीनाथांनी खानाकडे जाऊन पक्की केली होती. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर १९४३ ते १९४६ या काळातले क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार पाहा. तेव्हा तुमच्या सांगली जिल्ह्याचा वाळव्याकडचा भाग सातारा जिल्ह्यातच होता. लोकांच्या तोंडी त्या सरकारचे नाव ‘पत्री सरकार’ असे झाले आणि पायाला पत्री ठोकतात ही बोलवाच खबऱ्यांच्या मनात धडकी भरवायला पुरेशी ठरली.

या तिन्ही उदाहरणांत शत्रू ठरलेला आहे, समोर आहे आणि संघर्ष कधीतरी संपणार हे सर्वांना ठाऊक आहे. शांततेच्या काळात यातले काहीच निश्चित नसते. ज्याच्यावर परिणाम घडवायचा तो आज शेजारी असतो, उद्या मित्र होऊ शकतो. त्याच्यासाठी तयार केलेला मजकूर फिरून आपल्याच नागरिकांच्या हाती येतो. शिवाय युद्ध संपल्यावर जसे सैन्य बराकीत परतते, तसे हे काम कधी परतावे याची तारीख कोणीच घातलेली नसते. म्हणून लष्करी पठडीतले नियोजन जसेच्या तसे उचलून शांततेच्या काळात वापरता येत नाही.

अमेरिकेच्या अनुभवावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तिथले बरेच कागद आता खुले झाले आहेत आणि त्यांत एखाद्या व्यवस्थेची वाढ वर्षागणिक पाहता येते. सप्टेंबर १९४७ मध्ये सीआयए ही अमेरिकेची गुप्तचर संस्था अस्तित्वात आली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने (एनएससी) दोन जोडकागद मंजूर केले. पहिल्याने परदेशांतील उघड माहितीकार्याचा समन्वय परराष्ट्र खात्याकडे दिला. दुसरा, म्हणजे एनएससी ४-ए, गुप्त होता आणि त्याने छुप्या मानसशास्त्रीय कारवाया सीआयएकडे सोपवल्या. युरोपात साम्यवादी पक्षांचे बळ वाढत होते आणि एप्रिल १९४८ मध्ये इटलीत निवडणूक होती, ही त्यामागची तातडी. जानेवारी १९४८ मध्ये स्मिथ-मुंट कायदा आला. परदेशांसाठी तयार केलेला सरकारी प्रचार देशांतर्गत पसरवू नये, ही पुढे रूढ झालेली मर्यादा याच कायद्यातून निघाली. १८ जून १९४८ रोजी एनएससी १०/२ हा आदेश निघाला. कारवाया अशा आखाव्यात की त्या उघड झाल्याच तर सरकारला पटण्याजोग्या रीतीने कानांवर हात ठेवता यावेत, ही त्यातली अट प्रसिद्ध आहे.

या अटीचा देखरेखीवर काय परिणाम होतो याचा विचार करा. कानांवर हात ठेवता यायचे असतील तर वरच्याची सही कागदावर नसलेली बरी, आणि सही नसेल तर पुढे जाब कोणाला विचारणार? म्हणजे लपवण्याची सोय करतानाच जबाबदारीचा धागा आपण स्वतःच्या हाताने तोडतो.

त्या आदेशाने जे कार्यालय उभे राहिले त्याचे नाव ‘ऑफिस ऑफ पॉलिसी कोऑर्डिनेशन’ होते. नाव धोरण-समन्वयाचे आणि काम छुप्या कारवायांचे. प्रमुख होते फ्रँक विझ्नर. ते कार्यालय सीआयएच्या छत्राखाली होते, पण मार्गदर्शन परराष्ट्र आणि संरक्षण खात्यांच्या प्रतिनिधींनी करायचे होते. ज्याला दोन धनी असतात त्याला बहुतेक वेळा एकही नसतो, हे आपल्याकडे कोणत्याही तालुक्याच्या कचेरीत गेलात तरी दिसेल. पुढे अमेरिकी सिनेटच्या चौकशी समितीने दिलेले आकडे बोलके आहेत. १९४९ मध्ये त्या कार्यालयात ३०२ माणसे होती आणि अंदाजपत्रक ४७ लाख डॉलरचे होते. १९५२ मध्ये माणसे २,८१२ झाली, परदेशांत कंत्राटावर नेमलेली आणखी ३,१४२, आणि अंदाजपत्रक ८ कोटी २० लाख डॉलरवर गेले. परदेशांतली केंद्रे सातावरून ४७ झाली. मधल्या काळात, जून १९५० मध्ये, कोरियाचे युद्ध सुरू झाले होते हे खरे आहे. पण तीन वर्षांत इतकी वाढ होते तेव्हा प्रत्येक प्रस्ताव कोणीतरी शांतपणे वाचला असेल, यावर निदान माझा तरी विश्वास बसत नाही.

या पसाऱ्याला शिस्त लावण्यासाठी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ४ एप्रिल १९५१ रोजी ‘सायकॉलॉजिकल स्ट्रॅटेजी बोर्ड’ स्थापन केले. तुमच्या पुस्तकांत ‘मंडळ’ म्हणून बहुधा हेच भेटत असेल. परराष्ट्र खात्याचे उपमंत्री, संरक्षण खात्याचे उपमंत्री आणि सीआयएचे संचालक हे त्याचे सदस्य होते. पहिले संचालक गॉर्डन ग्रे. राष्ट्रीय मानसशास्त्रीय उद्दिष्टे ठरवणे, कार्यक्रम जुळवणे आणि परिणामांचे मूल्यमापन करणे ही त्याची कामे होती, मात्र स्वतः कोणतीही कारवाई करण्याचा अधिकार त्याला नव्हता. कागदावर ही रचना नीटनेटकी होती. प्रत्यक्षात परराष्ट्र खात्याचा सूर असा राहिला की धोरण ठरवणे आमचे काम, तुम्ही फार तर ते रेडिओवर सांगा. सीआयएला आपले प्रकल्प मंडळापुढे उलगडून मांडण्याची हौस नव्हती. आणि जे सदस्य मूल्यमापन करणार होते, त्यांचीच खाती मूल्यमापनाचा विषय होती. पंच आणि खेळाडू एकच असतील तर फाऊल द्यायचा कोणी?

आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्षपदी आल्यावर विल्यम जॅक्सन यांच्या समितीने या सगळ्याचा आढावा घेऊन जून १९५३ मध्ये अहवाल दिला. तिचा निष्कर्ष मला आजही महत्त्वाचा वाटतो: मानसशास्त्रीय बाजू ही धोरणापासून सुटी काढून वेगळ्या डब्यात ठेवण्याची वस्तू नाही; प्रत्येक राजनैतिक, आर्थिक आणि लष्करी कृतीलाच ती बाजू असते. मंडळ मोडीत निघाले आणि सप्टेंबर १९५३ मध्ये त्याच्या जागी ‘ऑपरेशन्स कोऑर्डिनेटिंग बोर्ड’ आले. उघड माहितीकार्यासाठी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये यूएसआयए ही स्वतंत्र संस्था सुरू झाली. फेब्रुवारी १९६१ मध्ये केनेडींनी हे दुसरे मंडळही बरखास्त केले. दहा वर्षांत दोन मंडळे आली आणि गेली, पण छुप्या कारवाया चालूच राहिल्या. छुप्या कारवायांच्या मंजुरीसाठी दरम्यान वेगवेगळ्या नावांचे छोटे गट झाले. त्यांतही कार्यकारी शाखेतलेच लोक बसत.

इथे माझा एक अनुभव सांगतो. सीमेवरच्या त्या मुख्यालयात असताना, तुलनेने शांत हंगामात, माझ्या हाताखालच्या दोन हुशार अधिकाऱ्यांनी एक प्रस्ताव आणला. पलीकडच्या बाजूच्या एका स्थानिक वजनदार माणसाबद्दल त्याच्याच लोकांच्या मनात संशय उत्पन्न होईल अशी गोष्ट, ती कोठून आली हे कळू न देता, पसरवायची होती. गोष्ट खोटी होती, पण खरी वाटेल अशी बेमालूम रचली होती. दोघांनी मेहनत घेतली होती आणि खरे सांगायचे तर मलाही पहिल्या वाचनात ती कल्पना आवडली. रात्री पुन्हा वाचताना तीन गोष्टी टोचू लागल्या. प्रस्तावाच्या शेवटी मंजुरी देणाऱ्याचे नाव लिहिण्याची जागाच नव्हती. बाजारहाटासाठी आणि सोयरिकीनिमित्त इकडची-तिकडची माणसे एकमेकांना भेटत असल्यामुळे ती गोष्ट आठवड्याभरात आमच्याच गावांत पोहोचली असती आणि आमच्याच लोकांनी ती खरी मानली असती. आणि हे कधी थांबवायचे, याबद्दल एक अक्षरही लिहिलेले नव्हते. मी या तीन गोष्टी टिपणात लिहिल्या, खाली सही-तारीख घातली आणि नस्ती, म्हणजे ती फाईल, वर पाठवली. तिचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो.

याचा उलटा अनुभवही आहे आणि त्यात चूक आमची होती. दुसऱ्या एका ठिकाणी आमच्या पुढाकाराने स्थानिक भाषेत रेडिओचा कार्यक्रम चालत असे. तो पूर्णपणे उघड होता, लोक आवडीने ऐकत. एका पावसाळ्यापूर्वी कोणीतरी उत्साहाच्या भरात त्यात सांगून टाकले की ओढ्यावरचा पूल याच वर्षी होणार. पूल ज्या खात्याने बांधायचा त्याला हे कोणी विचारलेच नव्हते. पावसाळा आला, पूल झाला नाही. त्यानंतर आम्ही दवाखान्याच्या फिरत्या पथकाची खरी वेळ सांगितली तरी लोक हसून म्हणत, ‘पुलासारखेच ना?’ वर्षभर चाललेल्या कामाची पत एका वाक्याने गेली. जॅक्सन समितीचे म्हणणे मला त्या ओढ्याकाठी समजले.

याच चुकीचे मोठे आणि रक्तरंजित रूप १९५६ मध्ये हंगेरीत दिसले. जुलै १९५० पासून पूर्व युरोपकडे, पुढे म्यूनिकहून, प्रसारण करणारे ‘रेडिओ फ्री युरोप’ हे वरवर खासगी देणग्यांवर चालणारे केंद्र होते, पैसा मुख्यतः सीआयएचा होता. २३ ऑक्टोबरला बुडापेस्टमध्ये उठाव झाला आणि ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे पुन्हा शहरात शिरले. नंतरच्या अंतर्गत तपासणीत असे आढळले की हंगेरियन विभागाच्या काही कार्यक्रमांत लढणाऱ्यांना डावपेचांचा सल्ला दिला गेला होता आणि निदान एका कार्यक्रमातून बाहेरून मदत येईल असा अर्थ निघत होता. प्रत्यक्षात सैन्य पाठवण्याचा अमेरिकी सरकारचा विचारच नव्हता. वॉशिंग्टनमध्ये धोरण एक आणि हवेतून जाणारा शब्द दुसरा, अशी ही फारकत होती. समन्वयासाठी खास नेमलेले मंडळ तेव्हा अस्तित्वात होते, हे लक्षात ठेवा.

आता गुप्ततेच्या किमतीकडे येतो. ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ या साम्यवादविरोधी विचारवंतांच्या संघटनेची भारतीय परिषद मार्च १९५१ मध्ये मुंबईत भरली होती. मिनू मसानी आणि जयप्रकाश नारायण यांच्यासारखी माणसे या चळवळीशी जोडलेली होती. निधीचा मूळ स्रोत तेव्हा जाहीर नव्हता. १९६७ मध्ये अमेरिकेतील विद्यार्थी संघटना आणि ही सांस्कृतिक संघटना यांना सीआयएचा पैसा मिळत असल्याचे वृत्तपत्रांतून बाहेर आले, तेव्हा प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांच्याही नावाला डाग लागला. ज्यांची मते स्वतःची होती, त्यांची मतेही विकत घेतलेली वाटू लागली. ही किंमत योजना आखणाऱ्यांच्या ताळेबंदात कधीच धरलेली नसते. ब्रिटनचेही तसेच झाले: १९४८ मध्ये परराष्ट्र खात्यात सुरू झालेला ‘इन्फर्मेशन रिसर्च डिपार्टमेंट’ हा विभाग जवळजवळ तीस वर्षे पत्रकारांना गुपचूप मजकूर पुरवत राहिला आणि १९७७ मध्ये बंद झाला.

खरी देखरेख अमेरिकेत आली ती या गौप्यस्फोटांनंतर, आणि ती कार्यकारी शाखेच्या बाहेरून आली. १९७३ मध्ये ‘रेडिओ फ्री युरोप’सारख्या केंद्रांच्या उघड अनुदानासाठी कायद्याने स्वतंत्र मंडळ नेमले गेले. गंमत अशी की पैसा उघड झाल्यावर ती केंद्रे बंद पडली नाहीत, उलट टिकली. १९७४ च्या ह्यूज-रायन दुरुस्तीने राष्ट्राध्यक्षांनी आवश्यकता मान्य करून कायदेमंडळाच्या समित्यांना कळवल्याशिवाय छुप्या कारवाईवर पैसा खर्च करता येणार नाही असे ठरवले. १९७५ मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली, १९७६ आणि १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांच्या कायम समित्या आल्या. १९९१ मध्ये आणखी दोन गोष्टी कायद्यात घातल्या गेल्या: मंजुरी लेखी असली पाहिजे, आणि देशांतर्गत राजकीय प्रक्रिया, जनमत, धोरण किंवा प्रसारमाध्यमे यांवर प्रभाव टाकण्याच्या हेतूने छुपी कारवाई करता येणार नाही. १९४८ च्या ‘कानांवर हात’ या अटीपासून ‘लेखी सही’पर्यंत पोहोचायला त्यांना ४३ वर्षे लागली. त्यानंतरही तिथे सर्व काही सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. पण जाब विचारायला एक कागद आणि एक दार उपलब्ध झाले.

आपण केवळ प्रेक्षक होतो असे समजू नका. जुलै १९८३ मध्ये दिल्लीतून निघणाऱ्या ‘पेट्रिअट’ या दैनिकात एक निनावी पत्र छापून आले. एड्सचा विषाणू अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत तयार झाला, असा त्यात दावा होता. ऑक्टोबर १९८५ मध्ये मॉस्कोच्या एका साप्ताहिकाने भारतीय दैनिकाचा हवाला देऊन तोच दावा उचलला आणि पुढे तो जगभर फिरला. ही सोव्हिएत गुप्तचर यंत्रणेची मोहीम होती. १९९२ मध्ये रशियाच्या परदेशी गुप्तचर सेवेचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी तसे मान्यही केले. यातली कारागिरी पाहा: खोटे आपल्या घरी छापायचे नाही, तिसऱ्याच्या अंगणात पेरायचे आणि मग त्याच्याच साक्षीने उचलायचे. त्यासाठी आपले अंगण वापरले गेले.

भारताबद्दल तुमचा प्रश्न नेमका आहे, म्हणून उत्तरही नेमके देतो. उघड प्रचाराची आपली परंपरा आकाशवाणीच्या विदेश सेवेपासून आहे. ती ऑक्टोबर १९३९ मध्ये, जर्मन प्रचाराला उत्तर म्हणून, पश्तू भाषेतल्या प्रसारणाने सुरू झाली. जम्मू-काश्मीरमध्ये १९९८ पासून लष्कराने ‘ऑपरेशन सद्भावना’खाली शाळा, आरोग्य शिबिरे आणि रस्त्यांची कामे केली, तीही उघड आहेत. वरच्या पातळीवर १९९८ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा परिषद आणि तिचे सचिवालय आले, म्हणजे समन्वयाचे स्थान आहे. पण गुप्तवार्ता विभाग (आयबी) आणि १९६८ मध्ये स्थापन झालेली ‘रॉ’ या संस्था संसदेच्या स्वतंत्र कायद्याने निर्माण झालेल्या नाहीत आणि गुप्तचर कामावर देखरेख ठेवणारी संसदेची स्वतंत्र समिती आपल्याकडे नाही. संरक्षण आणि गृह खात्यांच्या संसदीय स्थायी समित्या १९९३ पासून आहेत, पण त्यांचा भर अनुदाने, विधेयके आणि खात्यांच्या कारभारावर असतो. २०११ मध्ये मनीष तिवारी यांनी यासाठी खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचे कलम २४ या संस्थांना सूट देते, मात्र भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपांपुरती ती सूट मागे घेते. म्हणजे आपल्याकडची देखरेख मुख्यतः कार्यकारी शाखेच्या आतली आहे. ज्या रोगावर अमेरिकेला १९७४ नंतर औषध शोधावे लागले, तो रोग आपल्यालाही होऊ शकतो, एवढेच म्हणतो.

परक्या अपप्रचाराला अटकाव करण्याची बाजू आपल्याकडे अधिक स्पष्टपणे बांधलेली आहे आणि ती शिकण्यासारखी आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-ए नुसार संकेतस्थळे आणि मजकूर रोखता येतो. त्यासाठीच्या २००९ च्या नियमांत आदेशांची तपासणी करणारी पुनर्विलोकन समिती आहे आणि तिने किमान दोन महिन्यांतून एकदा बसायचे असते. अर्थात तिच्यातही सचिवच असतात आणि कामकाज गोपनीय असते. श्रेया सिंघल खटल्यात मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा करणारे कलम ६६-ए रद्द केले, पण ६९-ए कायम ठेवले, आणि त्याचे एक कारण त्यात लेखी कारणे देण्याची अट आहे हे होते. २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलचा मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे हे सरकारनेच नेमलेल्या तथ्य-तपासणी कक्षाने ठरवावे, असा नियम आला. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. सरकारने खोट्याचे खंडन करणे आणि सरकारनेच सरकारविषयीच्या खऱ्या-खोट्याचा निवाडा करणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद त्या निकालाने कायद्याच्या भाषेत मांडला. पंच आणि खेळाडूंचा प्रश्न इथेही आहेच.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे मान्य केले पाहिजे. शेजारी देश सक्रियपणे अफवा पेरत असेल, सीमेवर चकमकी चालू असतील किंवा दंगलीची ठिणगी पडली असेल, तर प्रत्येक मजकूर समितीपुढे नेण्याइतका वेळ नसतो. अशा वेळी पूर्वमंजुरीऐवजी ठरावीक मुदतीत नंतरची तपासणी चालते. मात्र मुदत आधी ठरलेली हवी आणि तपासणारा वेगळा हवा. तसेच पांढऱ्या प्रचारासाठी इतका बंदोबस्त लागत नाही. तिथे खरे बोलणे आणि बोललेले पाळणे एवढी शिस्त बहुतेक वेळा पुरते.

तुमच्या जिल्ह्यातच याचा पडताळा घेता येईल. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुले पळवणारी टोळी समजून मारहाण झाली. एका मुलाला रस्ता विचारला, एवढेच निमित्त झाले. ती अफवा कोण्या परक्या सरकारने पेरली नव्हती. पण लोकांचे मन आधीच भीतीने भरलेले असेल तर पेरणाऱ्याला फार कष्ट पडत नाहीत, हे तिने दाखवले. याच्या उलट महापुराचे दिवस आठवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या घरात गेले. पुराच्या दिवसांत कोयना आणि अलमट्टीबद्दल नाही नाही त्या वावड्या उठतात. तेव्हा लोक शेवटी विश्वास ठेवतात तो पुलावरच्या फुटांच्या आकड्यावर आणि धरणातून सोडलेल्या विसर्गाच्या क्युसेकवर, कारण तो आकडा वर्षानुवर्षे उघड सांगितला जातो आणि घाटावर जाऊन कोणालाही तपासता येतो. शांततेच्या काळात अपप्रचारापासून बचाव म्हणतात तो बहुतांशी असाच असतो. माझ्या मते जिल्हाधिकारी कार्यालयाने कोरड्या दिवसांत ही सवय जपली, तर ऐन वेळी वेगळी मोहीम काढावी लागत नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. असे काम तुमच्या टेबलावर आले तर आधी ते कोणत्या रंगाचे आहे ते ओळखा. उघड असेल तर ज्या खात्याच्या नावाने आश्वासन दिले जात आहे त्याची लेखी संमती घ्या. आमच्या पुलाची आठवण ठेवा. छुपे असेल तर मंजुरी देणाऱ्याचे नाव, आपल्या नागरिकांवर होणारा परिणाम आणि थांबण्याची तारीख, या तीन गोष्टी प्रस्तावात आहेत का ते पाहा, आणि नसतील तर तोंडी कुरकुर न करता टिपणात लिहा. वरिष्ठांशी वाद घालू नका. तो बहुधा निष्फळ ठरतो आणि त्याची कुठे नोंदही राहत नाही. मात्र कागदावर विचारलेल्या प्रश्नाला कोणीतरी कागदावरच उत्तर द्यावे लागते, आणि बेकायदा कामाला लेखी होकार देणारा माणूस मला सव्वीस वर्षांत क्वचितच भेटला.

माझी ती नस्ती साधारण तीन आठवड्यांनी परत आली. माझ्या टिपणाखाली ना होकार होता ना नकार. हिरव्या शाईत ‘चर्चा करावी’ एवढाच शेरा होता. ती चर्चा कधीच झाली नाही. प्रस्ताव कपाटात राहिला आणि माझी बदली झाली तेव्हा मी ती नस्ती माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्याला यादीवर सही घेऊन सोपवली.